थंड भाडं

"ते ऱ्हाऊ द्या, हातात काय ऱ्हातंय ते सांगा."

दीक्षाचं हे बोलणं कोडोलीत आमच्या सगळ्या गल्लीला पाठ होतं. यंदा उसाला चांगला दर आला असं कुणी म्हणालं, की ती धुण्याचा पिळा झटकत हेच म्हणायची. भिशीवाल्या शालूबाईनं एकदा कौतुकानं सांगितलं, की भावाच्या पोराला पुण्यात पन्नास हजारांची नोकरी लागली. त्यावरही दीक्षा हेच म्हणाली. शालूबाईनं तोंड वाकडं केलं. "नर्सबाई हाय का तलाठी हाय गं ही? पेढा तरी गोड लागू दे की आधी!" दीक्षा हसली, पेढा खाल्ला, आणि जाता जाता परत विचारलं, "पर पुण्यात खोलीला किती जात्यात?"

ही सवय तिनं माहेरून आणली होती. चंदगडच्या डोंगरात तिचं गाव. बाप काजूच्या कारखान्यात कामाला. त्या घरात पगाराचा आकडा कधी कुणी बोललं नाही. बाजार करून आल्यावर आई पदराची गाठ सोडायची आणि उरलेलं पोरांसमोर जमिनीवर ठेवायची. तेवढाच त्यांचा पैसा. बाकीचा आला काय आणि गेला काय, तो पावसाच्या पाण्यासारखा, डोंगरावरून खाली. त्या घरातून ही पोर शिकली, नर्स झाली, आणि राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात कामाला लागली. बुटकी, काळीसावळी, चालायला तुरतुरीत. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी "मी येतो, मी जातो" असंच बोलायची. माणूस समोर शेवटचे आचके देत असलं, तरी तिचा हात कापायचा नाही. पण उसन्या साखरेची वाटी परत करायची राहिली, तर तिला झोप लागायची नाही.

तिला कोडोलीत सून म्हणून आणली ती सासूनं. सासूचं नाव यल्लव्वा. तीही सीमेकडचीच, अर्धं कानडी बोलणारी. लग्न होऊन इकडं आली, सासरच्या माणसांबरोबर विहारात जाऊ लागली, पांढरं लुगडं नेसून वंदना म्हणू लागली. नाव मात्र आईबापांनी ठेवलेलं तेच राहिलं. घरात सगळे तिला अव्वा म्हणत. "माझ्या बाजूची पोर हाय, उपाशी ऱ्हाईल पर उधार आननार न्हाय," असं सांगून तिनं दीक्षाला घरात घेतली.

आणि दीक्षाचा नवरा प्रसेनजीत. ही गोष्ट तिची असली, तरी भीती मात्र जास्त त्याच्याच वाट्याला आली.

प्रसेनजीत पन्हाळ्यावर एका लॉजवर मॅनेजर होता. मॅनेजर म्हणजे चाव्या देणारा, गादीवरची चादर ओढून नीट करणारा, बंबात लाकडं सारणारा, आणि भाव ठरवणारा. यातलं शेवटचं काम त्याच्या अभिमानाचं. मे महिना आणि पावसाळ्यातले शनिवार-रविवार म्हणजे सीझन. तेव्हा खोलीचा भाव चढवायचा. गडावर वाऱ्याशिवाय कुणी नसेल तेव्हा ऑफ-सीझन. तेव्हा तीच खोली निम्म्यात द्यायची. दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या चपलेकडं बघून तो भाव सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. खोलीचं भाडं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं त्याला मनापासून वाटायचं.

दीक्षानं जर्मनीला जायचं ठरवलं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. दवाखान्यातली पाळी संपली, की ती राजारामपुरीतच अतुल सरांच्या क्लासला जाऊन बसायची. तिथं जर्मन भाषा शिकवत. घरी भाकरी थापताना ती तोंडातल्या तोंडात ते खरबरीत शब्द घोळवायची. अव्वा म्हणायची, "घशात काटा अडकलाय का गं तुझ्या?" पण पोर पास झाली. तिकडच्या एका गावातल्या वृद्धाश्रमानं नोकरी दिली. पगार ऐकून गल्ली गप्प झाली. एका युरोला शंभर रुपये धरले, तर दीक्षाला इथं वर्षभरात मिळायचं ते तिथं महिन्याभरात मिळणार होतं.

राहायला दोन वाटा होत्या. एक, आश्रमाचीच खोली, एका माणसाची. दुसरी, गावात दोन खोल्यांचा फ्लॅट. अतुल सरांनी समजावून सांगितलं होतं, "खोलीत राहिलात तर पोरीला बोलावता येणार नाही, जागा पुरेशी धरत नाहीत. फ्लॅट घेतलात तर सहा महिन्यांत मुलगी आणि मिस्टर, दोघांचे कागद घालता येतील." पोरगी म्हणजे उत्पला, घरातली उपी. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. म्हणजे खोली की फ्लॅट हा प्रश्न जागेचा नव्हताच. आई आणि लेक किती दिवस वेगळ्या राहणार, एवढाच तो प्रश्न होता.

दीक्षा नवऱ्याला म्हणाली, "मी भाषेचं बघतो, खर्चाचं तुमी बघा. तुमाला भाड्यातलं कळतंय."

एवढा मान तिनं त्याला आजवर दिला नव्हता. प्रसेनजीतनं नोकरी जमवून देणाऱ्या एजन्सीकडून आलेला इंग्रजी कागद लॉजच्या टेबलावर पसरला. फ्लॅटपुढं दोन आकडे होते. कोल्ड रेंट सातशे. वॉर्म रेंट नऊशे ऐंशी. बघितल्या बघितल्या त्याच्या डोक्यात उजेड पडला. थंड भाडं आणि गरम भाडं! सीझन आणि ऑफ-सीझन! अख्ख्या जगात लॉजचा धंदा एकच, म्हणून तो एकटाच हसला. थंडीत तिकडं बर्फ पडतो, कोण येतंय मरायला, म्हणून भाडं उतरतं. उन्हाळ्यात चढतं. आणि तिकडं तर सात-आठ महिने थंडीच. त्यानं सरासरी काढली आणि घरी येऊन सांगितलं, "आठशेच्या आतबाहेर बसतंय. सगळं भागून वर उरतंय. फ्लॅटच घ्यायचा."

"नीट बघितलंयसा न्हवं?" दीक्षानं विचारलं.

"आगं, भाडंच खातो की मी रोज!"

ती समाधानानं झोपली. त्यानं दुसऱ्या दिवशी उत्पलाला सांगून टाकलं, की येत्या पावसाळ्यात तू आईपाशी. पोरीनं ते शाळेत सांगितलं, विहारात सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं. दीक्षानं दवाखान्यात राजीनामा दिला. तिच्या जागी दुसरी मुलगी रुजूही झाली.

फ्लॅटचं पक्कं उत्तर शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. शुक्रवारी सकाळी पन्हाळ्यावर धुकं उतरलं होतं. समोरचा रस्ता दिसत नव्हता, नुसता घोड्याच्या टापांचा आवाज यायचा. लॉजवर एकच कुटुंब उतरलं होतं. उन्मेष म्हणून पुण्याचा माणूस, त्याची बायको आणि म्हातारे वडील. उन्मेष चहा घेत काउंटरपाशी उभा राहिला.

"थंडी जोरात आहे हो तुमच्याकडे."

"ही कसली थंडी पावणं! आमची मंडळी चालल्यात जर्मनीला. थंडी तिकडं म्हणत्यात."

"अरे वा! मी चार वर्षं होतो तिथं. कुठल्या गावी?"

प्रसेनजीतनं गावाचं नाव सांगितलं, फ्लॅटचं सांगितलं. मग बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं कोपर टेकून म्हणाला, "आनि तुमच्या त्या जर्मनीत बी आमच्यागतच हाय की! थंडीचं भाडं कमी, उन्हाळ्याचं जास्त. बरोबर न्हवं?"

उन्मेष हसला. मग त्याच्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला.

"नाही हो. थंड भाडं म्हणजे हिवाळ्याचं भाडं नव्हे. थंड म्हणजे नुसत्या चार भिंती. त्यात घर गरम ठेवायचा खर्च, पाण्याचा, कचऱ्याचा, जिन्याच्या दिव्याचा खर्च घातला की गरम भाडं. द्यायचं ते गरमच. बाराही महिने."

"बाराही?"

"बाराही. आणि थंडी कडक पडली, हीटर जास्त चालला, तर वर्षाच्या शेवटी वरून बिल येतं ते वेगळं. घरातली वीजही वेगळी." मग जरा मवाळ आवाजात त्यानं विचारलं, "तुम्ही काय धरलं होतं?"

प्रसेनजीत बंबात लाकडं घालायचं निमित्त करून मागं गेला आणि बंबाला हात टेकून उभा राहिला. हात भाजला तेव्हा त्याला कळलं, की आपण तापलेल्या पत्र्याला धरलंय. दीक्षाची जागा गेली होती. पोरीनं गावभर सांगितलं होतं. आणि आपण दोन आकड्यांची सरासरी काढली होती, चपला बघून भाव सांगणाऱ्या माणसानं, न बघितलेल्या गावच्या घराची.

त्याच्या मनात दोन भुतं एकदम उठली. खरं सांगितलं तर दीक्षा जायची नाही. मग या घराचं काय? आणि नाही सांगितलं तर ती जाईल, सही करील, आणि तिकडं त्या बर्फात, ओळखीचं कुत्रंसुद्धा नसलेल्या गावात, महिन्याच्या मध्यावर तिच्या हातात काही नसेल. ती कुणाला सांगायची नाही. उपाशी राहील. उसनी साखरसुद्धा मागायची नाही. बायकोचा जो गुण त्यानं दहा जणांना अभिमानानं सांगितला होता, त्याचीच आता त्याला भीती वाटू लागली.

दुपारी त्यानं चाव्या पोऱ्याकडं न देता मालकाच्याच हातात दिल्या आणि गाडी काढली. घाटात धुकं तसंच होतं. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा अगदी नाकासमोर आल्यावर दिसायचा. एरवी तो हा घाट गाणं गुणगुणत उतरायचा. त्या दिवशी प्रत्येक वळणाला त्याला वाटलं, इथंच काहीतरी व्हावं, म्हणजे सांगायचं टळेल. मग त्या विचाराचीच भीती वाटून तो गाडी आणखी हळू चालवू लागला.

राजारामपुरीत पोचला तेव्हा क्लास सुटायला आला होता. दीक्षा जिना उतरून आली. त्याला बघून तिचं पाऊल थांबलं.

"काय झालं? अव्वा बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

"उपी?"

"शाळंत हाय. चल, च्या घिऊ."

"तुमी कामाच्या दिवशी च्या प्यायला खाली आलाय? तोंड बघा जरा आरशात. मेलेलं माणूस झाकायच्या आधी दिसतंय तसं दिसतंय."

चहाच्या गाड्यापाशी रिक्षांच्या गोंगाटात त्यानं सांगितलं. एका दमात, मान खाली घालून. दीक्षा ऐकत राहिली. चहावर साय धरली.

"थंड भाडं," ती शेवटी म्हणाली, आणि पाठोपाठ तो शब्द जर्मनमध्ये म्हणाली. "पयल्या दोन-तीन धड्यांतच आलता हा शब्द आमाला. घर बघायचा धडा. मी सरांसमोर हुबं ऱ्हाऊन पाठ म्हणून दाखवलाय."

"मग मला—"

"तुमी मला दोन आकडे कवा सांगितलासा? आठशे म्हणालासा. एकच आकडा." मग कपाकडं बघत, "आणि मी बी कागद बघितला न्हाय. मला वाटलं, एवढं एक तरी माझ्या डोक्यावर नको."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं गार चहा एका घोटात प्याला, कप ठेवला, आणि प्रसेनजीतनं पाहिलं, पैसे न देताच ती चालू लागली. उसन्या साखरेनं झोप उडणारी बाई.

घरी आल्यावर अजून उजेड होता. दीक्षानं ओसरीवर परात घेतली आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा आणला. अव्वा भिंतीला टेकून बसली होती.

"एक दाणा म्हणजे शंभर युरो," दीक्षा म्हणाली. "कापून-बिपून हातात येणार एकोणीस. मोजा."

प्रसेनजीतनं एकोणीस दाणे परातीत ठेवले. परात मोठी होती. दाणे फार थोडे दिसत होते. आधी फ्लॅटचे दहा काढले, गरम भाड्याचे. अर्ध्याहून जास्त परात तिथंच गेली. खाण्याचे तीन. वीज, फोन, बसचा पास मिळून दोन. इकडं घरी पाठवायचे तीन. परातीत एक दाणा राहिला. तो गडगडत कडेला जाऊन थांबला.

"ही झाली मी एकटी," दीक्षा म्हणाली. "आता उपी आली. तुमी आलासा. तुमाला भाषा यीत न्हाय, म्हणजे तुमाला तिथं लगेच काम न्हाय. घरी पाठवायचं आता अव्वापुरतं, धरा एक. दोन परत टाका. पर खाणारी तोंडं तीन, पोरीची थंडीची कापडं, बूट, दोघांचा पास. आणखी चार काढा."

"परातीत तीनच हायती."

"तेच म्हणतो मी."

गल्लीत कुणीतरी म्हशीला हाकलत होतं. अव्वानं हात पुढं करून परातीतला एक दाणा उचलला आणि सवयीनं तोंडात टाकला.

"अव्वा!" प्रसेनजीत ओरडला. "पैसा हाय त्यो!"

"मग मोजायला शेंगदानं कशाला घेतलासा? खडं घ्यायचं!" अव्वा चावत म्हणाली. मग चावायची थांबली. "आनि तिथं मानूस मेलं तर? आनायला किती दानं लागत्यात?"

हा प्रश्न प्रसेनजीतच्या मनात गडावरून निघाल्यापासून होता. तो तोंडानं बोलण्याची ताकद फक्त म्हातारीत निघाली. दीक्षा रोज मरण बघणारी बाई, पण तिनंही परातीकडंच बघितलं. तिनं दाणे गोळा केले आणि आश्रमाच्या खोलीचा हिशेब मांडला. खोलीचे चार. खाण्याचे तीन. वरखर्चाचे दोन. घरचे तीन. परातीत सात राहिले. सात दाणे, आणि त्या खोलीत पोरीला जागा नाही.

"जाऊ नको," प्रसेनजीत म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "दीक्षा, जाऊ नको. ऱ्हाऊ हितंच. दवाखानं काय एकच हाय? मला भ्या वाटतंय."

"मला वाटत न्हाय व्हय?" ती एकदम उसळली. "क्लासात झोप लागती मला, सपान पडतंय. बर्फात हुबी हाय, आणि उपीचं नाव आठवंना. सगळे जर्मन शब्द आठवत्यात, पोरीचं नाव न्हाय." मग तिनं परातीतले सगळे दाणे काढले आणि तीनच परत टाकले. "हे बघा हितलं, दाण्याला धा हजार. माझे दोन, तुमचा एक. माझे दोन आता बंद झाल्यात. परत नोकरी लागली तर दोनच ऱ्हाणार, म्हातारी हुस्तोवर दोन. आता ह्यातनं शाळा काढा, अव्वाच्या गोळ्या काढा, दूध, किराणा, तुमच्या गाडीचं पेट्रोल काढा. काढा की!"

त्यानं हात लावला नाही.

"साकु," अव्वा म्हणाली. बस झालं. तिनं परात ओढून घेतली आणि दाणे डब्यात भरून टाकले.

शनिवारी दीक्षा एकटीच अतुल सरांकडं गेली. सरांना तिनं एवढंच विचारलं, की आधी खोली घेतली तर फ्लॅट पुढं कधी मिळतो. सर म्हणाले, तिकडं गेल्यावर एक परीक्षा असते. ती झाली की तुम्हाला पूर्ण नर्सचा पगार. मग फ्लॅट पेलतो. मिस्टरांनी इथं भाषेची पहिली पायरी पास केली, तर तिकडं त्यांनाही काम मिळणं सोपं. दीड वर्ष, कदाचित दोन. तिनं खोलीचा कागद भरून दिला. घरी येऊन चूल पेटवताना नवऱ्याला सांगितलं. तिनं विचारलं नाही, सांगितलं.

"आणि उपीला?" प्रसेनजीतनं भीत भीत विचारलं.

"तुमी सांगितलंसा तिला, पावसाळ्यात जायचं म्हणून. तुमीच सांगा आता."

त्याला पळून जावंसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तो पोरीला गाडीवर पुढं बसवून पन्हाळ्यावर घेऊन गेला. लॉजच्या मागच्या कठड्यावर तिला बसवलं. खाली सगळा मुलूख पसरला होता, उसाचे तुकडे, कौलं, कुठंतरी गुऱ्हाळाचा धूर.

"उपी, मी एक चूक केली," तो म्हणाला.

"मोठी?"

"मोठी. गणितात."

"बाई मारत्यात गणित चुकलं की," उत्पला म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडं बघून, "तुमाला कोण मारलं?"

"कोण न्हाय. पर पावसाळ्यात जायचं न्हाय आता. आईला एकटीला जावं लागणार. दोन दिवाळ्या. मग आपण."

पोरगी खाली बघत राहिली. पाय हलवायची ती थांबली. प्रसेनजीतला त्या थांबलेल्या पायांची जेवढी भीती वाटली, तेवढी घाटातल्या धुक्याची वाटली नव्हती.

"मग मी शाळंत काय सांगू?" ती शेवटी म्हणाली. "मी समद्यांना सांगितलंय."

त्यानं तिला झुणका-भाकर खायला घातली. तिनं अर्धी खाल्ली आणि अर्धी कागदात बांधून घेतली, आईला म्हणून.

होळी झाली आणि जायचा दिवस आला. अतुल सरांच्या क्लासमधल्या तिघी जणी एकत्र जाणार होत्या. सरांनीच मुंबईपर्यंत गाडी ठरवली होती. गाडी राजारामपुरीच्या मोठ्या रस्त्यावर उभी राहणार होती. क्लासच्या गल्लीत दुचाक्यांनी जागाच ठेवली नव्हती. अव्वा कोडोलीतच थांबली. तिनं उंबऱ्यावर दीक्षाच्या हातात काजूगराची पुरचुंडी ठेवली, दोन्ही हातांनी तिचं तोंड कुरवाळलं आणि कानडीत काहीतरी बोलली. ते या घरात फक्त दीक्षालाच कळलं.

भर दुपार होती. क्लासच्या दारात दीक्षानं उत्पलाची वेणी उगाचच सोडून परत घातली. मग उठली. मोठ्या चाकाच्या बॅगेला प्रसेनजीतनं हात घातला.

"नको," ती म्हणाली. "तिथं कोण येणार हाय धरायला? हितनंच सवय करतो. आणि तुमी गाडीपाशी आलासा तर पोरगी येणार. ती गाडीपाशी आली तर मी काय चढत न्हाय. हितंच थांबा."

तो थांबला. पोरीचं बोट त्यानं धरलं होतं की पोरीनं त्याचं, हे त्याला सांगता आलं नसतं.

ती निघाली. बुटकी, तुरतुरीत, जाड निळ्या कोटात. तो बॅगेत मावत नव्हता म्हणून त्या उन्हातही अंगात घातलेला. बॅगेचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. तिनं हिसडून काढलं. झेरॉक्सच्या दुकानापाशी ती वळली.

"गॅसचा नंबर लावा आज!"

"लावतो!" तो ओरडला.

आणखी थोडं गेल्यावर परत वळली. "उपीचा नवा दात वाकडा येतोय, दाखवा कुणाला तरी!"

"दाखवतो!"

गल्लीच्या तोंडाशी ती तिसऱ्यांदा वळली. तिचं तोंड उघडलं, ती काहीतरी बोलली, लांबलचक बोलली. नेमकी तेव्हाच मधे सिटी बस आली, तिच्या मागून दोन रिक्षा हॉर्न वाजवत घुसल्या. बस पुढं सरकली तेव्हा ती गाडीच्या दिशेनं चालू लागली होती. तिनं ते परत सांगितलं नाही.

"काय म्हणाली आई?" उत्पलानं विचारलं.

प्रसेनजीतला ऐकू आलं नव्हतं. ते गॅसचं नव्हतं, दाताचं नव्हतं, एवढंच त्याला कळलं होतं. तो गल्लीच्या तोंडाकडं बघत राहिला. पोरगी टाचा उंचावून बघत राहिली. कोपऱ्यावरच्या रसवाल्यानं ऊस घालता घालता हात थांबवला आणि तोही बघत राहिला. निळा कोट माणसांतून दिसला, मग एका टेम्पोमागं गेला, परत एकदा दिसला.

मग दिसला नाही.